जुनी फॅमिली एसयूव्ही घेताना: बिघाड कसे ओळखायचे आणि खर्च कसा मोजायचा

जुन्या एसयूव्हीचा भाव ऐकला की मोह होतोच. नव्या छोट्या गाडीच्या पैशात सात माणसं, भरपूर सामान आणि उंचावर बसायची हौस, सगळं एकदम भागतं. पण गाडी निम्म्या किमतीला मिळाली म्हणून तिचे पार्ट निम्म्या किमतीला मिळत नाहीत. टर्बो (इंजिनात जादा हवा दाबणारा पंखा), इंजेक्टर (डिझेल फवारणारी तोटी), गिअरबॉक्स यांचे दर गाडी शोरूममध्ये उभी होती तेव्हाच्या हिशोबानेच चालतात, बहुतेकदा चढतातच. त्यामुळे दहा वर्षांच्या गाडीवर एक मोठं काम निघालं तरी ते तिच्या बाजारभावाचा मोठा लचका तोडतं.

दुसरा घोळ मजुरीचा. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये, क्रँकच्या (इंजिनातल्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) मागच्या टोकाला एक ऑइल सील असतं. तळहाताएवढी रबरी कडी, किंमत किरकोळ. पण तिथे हात पोचायला गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो. गाडी फोर व्हील ड्राइव्ह असेल तर त्याआधी प्रोपेलर शाफ्ट (चाकांकडे ताकद नेणारा दांडा) आणि ती ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारी ट्रान्सफर केसही सोडावी लागते. म्हणजे कडी किरकोळ आणि मजुरी दिवसभराची. म्हणून कुठलाही बिघाड ऐकल्यावर ‘पार्ट केवढ्याला?’ हे नंतर विचारा. आधी विचारा, ‘तिथवर पोचायला काय काय खोलावं लागतं?’ जुन्या एसयूव्हीचा अर्धा हिशोब या एका प्रश्नात उलगडतो.

खर्चाचं माप आधी ठरवा

मजुरीचे आणि पार्टांचे दर जागोजागी वेगळे, म्हणून इथे पैशांचे आकडे देण्यात अर्थ नाही. त्याऐवजी जी गाडी मनात आहे तिच्या साध्या सर्व्हिसचा भाव दोन गॅरेजमध्ये विचारून ठेवा. साधी सर्व्हिस म्हणजे इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर आणि मजुरी. हे झालं आपलं माप, ‘एक सर्व्हिस’. पुढचे सगळे अंदाज याच मापात आहेत. ते ढोबळ आहेत आणि मॉडेलप्रमाणे बरेच खालीवर होतील, पण किरकोळ काम कुठलं आणि कंबरडं मोडणारं कुठलं एवढं त्यातून कळतं.

पायरी १: इंजिन थंड असताना पोचा

विकणाऱ्याला आदल्या दिवशीच सांगा, ‘मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका.’ पोचल्यावर पहिल्यांदा बोनेटला हात लावा. बोनेट गरम असेल तर तपासणी दुसऱ्या दिवसावर ढकला. थंड इंजिन जे सांगतं ते गरम झालेलं इंजिन लपवतं.

डिपस्टिक, म्हणजे इंजिन ऑइलची लेव्हल दाखवणारी पट्टी, काढा. ऑइल कमी असेल तर ते गळतंय किंवा जळतंय, हे सगळ्यांना ठाऊक असतं. डिझेल गाडीत मात्र लेव्हल वरच्या खुणेच्याही वर गेलेली दिसली तर जास्त सावध व्हा. नव्या पिढीच्या डिझेल गाड्यांत सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारा फिल्टर, म्हणजे डीपीएफ असतो. साठलेली काजळी जाळायला तो सुमारे ६०० अंशांपर्यंत तापवावा लागतो आणि त्यासाठी इंजिन जादा डिझेल फवारतं. शाळा, बाजार, घर अशा आखूड फेऱ्या करणाऱ्या गाडीत हे जाळणं दर वेळी अर्धवट सुटतं, आणि बऱ्याच इंजिनांत ते न जळलेलं डिझेल पिस्टनच्या कडेने खाली ऑइलमध्ये उतरतं. ऑइल पातळ झालं की बेअरिंग आणि टर्बो यांचं संरक्षण गेलं. डिपस्टिकचा वास घ्या. डिझेलचा उग्र दर्प आला तर ही गाडी आधीच्या मालकाने कशी चालवली ते कळलं.

ऑइल भरायची टोपी उघडून खालून बघा. दुधाळ कॉफीसारखा फेस म्हणजे ऑइलमध्ये पाणी. थंडीत, आखूड फेऱ्यांमुळे टोपीलाच थोडा ओलसर फेस धरतो, तेवढ्यावरून गाडी बाद करू नका. पण तोच रंग डिपस्टिकवर दिसला, किंवा कूलंटच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या) टाकीत तेलाचा तवंग दिसला, तर तिथूनच नमस्कार करा. कूलंट गंजासारखं तपकिरी असेल तर वर्षानुवर्षं नुसतं पाणी घातलेलं आहे असं समजा. (टाकीचं झाकण थंड असतानाच उघडायचं. गरम कूलंट दाबाखाली असतं आणि उसळून थेट तोंडावर येतं.)

पायरी २: सेल्फ मारा आणि कान द्या

सुरू होताना पहिले एकदोन सेकंद पुढच्या बाजूने साखळी खडखडल्यासारखा आवाज आला आणि मग थांबला, तर टायमिंग चेन (व्हॉल्व्हची उघडझाप क्रँकशी जुळवणारी साखळी) किंवा तिला ताणून धरणारा टेन्शनर थकलाय. हा आवाज बहुधा थंड इंजिनवरच येतो, म्हणून तर ते बोनेटला हात लावणं.

दुसऱ्या कोणाला तरी सायलेन्सरमागे उभं करा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय, काळा म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. पांढरा, दाट, गोडसर वासाचा आणि इंजिन तापल्यावरही न थांबणारा धूर म्हणजे कूलंट जळतंय. सकाळची नुसती वाफ दोनचार मिनिटांत विरते, ती वेगळी.

डिझेल इंजिन चालू असताना ऑइलची टोपी सैल करून जागेवरच ठेवा. ती थरथरली तर ठीक. टोपी नाचायला लागली आणि खालून धुराचे भपकारे आले, तर पिस्टनच्या रिंगा झिजल्यात. हे झालं इंजिन काम, म्हणजे पंधरावीस सर्व्हिस सहज.

काही इंजिनांत चेनऐवजी रबरी टायमिंग बेल्ट असतो, त्याची गोष्ट निराळी. तो तुटायच्या आधी बहुधा काहीच सांगत नाही. पुष्कळ इंजिनांची रचना अशी असते की बेल्ट तुटला की पिस्टन थेट व्हॉल्व्हवर आदळतात, व्हॉल्व्ह वाकतात आणि हेड (सिलिंडरांवरचा, व्हॉल्व्ह बसवलेला वरचा भाग) उतरवावंच लागतं. कंपनीप्रमाणे बेल्ट साधारण ६०,००० ते दीड लाख किलोमीटरला बदलायचा असतो, आणि वर्षांचीही मर्यादा असते. बदलल्याचं बिल हातात नसेल तर बदललेलाच नाही असं धरा. ‘मागच्याच वर्षी टाकलाय’ हे वाक्य बिलाशिवाय ऐकायचं नाही. बेल्ट, टेन्शनर, आयडलर आणि वॉटर पंप हे सगळं एकदमच करून घ्या, कारण पंपापर्यंत पोचायला बहुतेकदा हाच सगळा पसारा पुन्हा खोलावा लागतो. खर्च दोन ते चार सर्व्हिस. तुटल्यानंतर त्याच कामाचे दहा होतात.

हेड गॅसकेट: इथे जरा थांबूया

वजनदार गाडी, सात माणसं, चढण, आणि चिखलाने बुजलेला रेडिएटर. एसयूव्ही गरम होण्याची कारणं इतकी साधी असतात. पण इंजिन एकदा चांगलंच तापलं की ॲल्युमिनियमचं हेड किंचित वाकतं आणि त्याखालचं गॅसकेट (गॅरेजच्या भाषेत हेड पॅकिंग) गळायला लागतं. गळती बाहेर दिसतच नाही. कूलंट हळूहळू कमी होतं, जमिनीवर मात्र थेंब नसतो.

साधी खूण अशी: थंड इंजिन सुरू करून दोनच मिनिटांनी रेडिएटरचा वरचा हौजपाइप दाबून बघा. कूलंट अजून गार असताना पाइप दगडासारखा टणक झाला असेल, तर सिलिंडरमधला गॅस कूलंटमध्ये घुसतोय. खात्री करायची तर मेकॅनिककडे एक निळं रसायन असतं. टाकीतली हवा त्यातून ओढतात, आणि जळलेला वायू असेल तर ते पिवळं किंवा हिरवट पडतं. ही चाचणी स्वस्त आहे, दहापंधरा मिनिटांत होते. संशय असेल तर केल्याशिवाय पुढे जाऊ नका.

गॅसकेट स्वतः महाग नसतं. पण हेड उतरवणं, ते सपाट आहे का बघणं, मशीनवर घासून घेणं, चिरांसाठी दाबाची चाचणी, नवे हेड बोल्ट (बहुतेक इंजिनांत जुने पुन्हा वापरत नाहीत), आणि मग टायमिंग पुन्हा जुळवणं, यात दहा ते पंधरा तासांची मजुरी जाते. खर्च पाच ते दहा सर्व्हिस. कोणी ‘हेड न घासता नुसतं पॅकिंग बदलून देतो, स्वस्तात’ म्हणाला तर काही महिन्यांनी त्याच कामाला परत यायची तयारी ठेवा.

पायरी ३: रस्त्यावर, किमान अर्धा तास

सोबत घरची माणसं घ्या. रिकामी गाडी आणि भरलेली गाडी यांचे स्वभाव वेगळे असतात.

क्लच बघायला मोकळ्या रस्त्यावर कमी वेगात वरचा गिअर टाका आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. इंजिनाचे फेरे वर पळाले आणि वेग तिथेच राहिला, तर क्लचप्लेट संपली. पुष्कळ डिझेल एसयूव्हींमध्ये धक्के पिणारा दुहेरी फ्लायव्हील (क्लच ज्याला टेकतो ते जड चाक) असतो, ज्याला ड्युअल मास म्हणतात. गाडी उभी असताना न्यूट्रलमध्ये खुळखुळ येते, क्लच दाबला की बदलते किंवा थांबते, आणि इंजिन बंद करताना गाडी दणका देते, ही त्याच्या झिजेची लक्षणं. (रिलीज बेअरिंगचा आवाज साधारण उलटा वागतो, क्लच दाबल्यावर येतो.) क्लचप्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग मिळून तीन ते सहा सर्व्हिस. फ्लायव्हील आला की बिल जवळपास दुप्पट. गिअरबॉक्स उतरलेलाच आहे, तर मघाचं ते ऑइल सीलही त्याच वेळी टाकून घ्या.

ऑटोमॅटिक गाडीत आधी उभ्या उभ्या ‘डी’ आणि ‘आर’ टाकून बघा. एकदोन सेकंदांपेक्षा जास्त विचार करत असेल, किंवा मागून लाथ बसल्यासारखा धक्का देत असेल, तर काहीतरी आहे. मग मध्यम वेगात, ॲक्सिलरेटर अगदी हलका ठेवून चाला. रस्ता गुळगुळीत असूनही चाकांखाली खडबडीत पट्टे आल्यासारखी थरथर जाणवली तर टॉर्क कन्व्हर्टरचं (ऑटोमॅटिक गाडीत क्लचच्या जागी असतो त्या भागाचं) लॉक-अप घसरतंय. कधी कधी एवढ्यावर ऑइल बदलून निभावतं. गिअरबॉक्स उघडायची वेळ आली तर बारा सर्व्हिसच्या खाली हिशोब करूच नका.

‘लाइफटाइम ऑइल आहे, बदलावं लागत नाही’ हे वाक्य तुम्हाला हमखास ऐकवलं जाईल. गंमत म्हणजे अनेक गाड्यांना ऑटोमॅटिक गिअरबॉक्स पुरवणारी झेडएफ कंपनी स्वतःच ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरला किंवा ८ वर्षांनी ऑइल बदला असं सुचवते. लाइफटाइम कोणाचं, गाडीचं की वॉरंटीचं, हे ज्याने त्याने ठरवावं.

आता पिकअप. गाडी दम धरत नसेल तर सगळे एकदम टर्बोचं नाव घेतात. थांबा. टर्बोकडून इंटरकूलरकडे (टर्बोची गरम हवा गार करणाऱ्या जाळीकडे) जाणारा रबरी पाइप फाटला किंवा त्याची क्लिप निसटली तरी नेमकं हेच होतं, आणि ते काम अर्ध्या सर्व्हिसचंही नसतं. टर्बो खरोखर गेला असेल तर भोंग्यासारखा चढता आवाज आणि निळा धूर सोबत येतो, पाइपात ऑइलचं थारोळं सापडतं. टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि तो फक्त ऑइलच्या पापुद्र्यावर तरंगत असतो. म्हणून बहुतेक टर्बो घाणेरड्या किंवा कमी ऑइलने मरतात. नवा टर्बो बसवताना त्याला ऑइल आणणारी बारीक नळी साफ केली किंवा बदलली नाही, तर नवाही त्याच रोगाने जातो. सहा ते दहा सर्व्हिस.

ब्रेक दाबल्यावर स्टीअरिंग थरथरलं तर डिस्क वेड्यावाकड्या झिजल्यात. पुढचे पॅड आणि डिस्क मिळून दोनतीन सर्व्हिस. हे काम सोपं आहे, घाबरायचं कारण नाही, फक्त भावात धरा.

फोर व्हील ड्राइव्ह वापरून बघाच. दोन-दोन वर्षं कोणी टाकलेलंच नसतं आणि ते जोडणारी मोटर अडकून बसलेली असते. मात्र हाताने टाकायची पार्ट-टाइम पद्धत असेल तर मातीच्या किंवा खडीच्या जागी टाका. कोरड्या डांबरावर वळताना ती गाडी जखडणारच, तो बिघाड नव्हे. कायम चारही चाकं ओढणारी गाडी असेल तर रिकाम्या जागेत स्टीअरिंग पूर्ण वळवून गोल फिरवा. हिसके बसले तर पुढच्या-मागच्या चाकांमधलं कपलिंग किंवा डिफरेंशियल (चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरसंच) बघायला हवं. अशा गाडीत चारही टायर एकसारखे झिजलेले पाहिजेत. दोन नवे, दोन गुळगुळीत असा मेळ असेल तर फेऱ्यांतल्या फरकाने कपलिंग सतत घासत राहतं. म्हणजे टायर वाचवायला गेलेल्या मालकाने ट्रान्समिशन खर्ची घातलेलं असू शकतं.

पायरी ४: गाडी रॅम्पवर चढवा

रॅम्पशिवाय एसयूव्ही विकत घेऊ नये, एवढं माझं मत ठाम आहे. जॅकवर दिसतं ते पुरेसं नसतं.

आधी टायर वाचा. आतली कड जास्त झिजलेली असेल तर अलाइनमेंट बिघडलंय किंवा लोअर आर्मचे (चाक चासीशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याचे) रबरी बूश फाटलेत. जागोजागी खड्डे पडल्यासारखी झीज म्हणजे शॉकअप गेले. टायरच्या बगलेवर चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ सालातला २३ वा आठवडा. नक्षी शाबूत पण वय आठ-दहा वर्षं असेल तर चार टायरांचा खर्च धरा, चार ते सहा सर्व्हिस.

दोन टनांच्या आसपासची गाडी खड्ड्यांत आदळत राहिली की सस्पेन्शनचे लिंक रॉड, बूश, बॉल जॉइंट झिजायचेच. ‘खटखट’ ऐकू आली म्हणून गाडी सोडू नका. एकेक पार्ट स्वस्त असतो. पण सगळं एकदम निघालं तर चार-पाच सर्व्हिस जातात, म्हणून यादी करा. चाकाकडून येणारी एकसुरी घरघर वेगाबरोबर वाढत असेल आणि एका बाजूला वळताना बदलत असेल तर व्हील बेअरिंग.

खालच्या अंगाला ऑइलची ओल सगळ्याच जुन्या गाड्यांना असते. लोंबणारा थेंब वेगळा. आणि खालून इंजिन नुकतंच चकचकीत धुतलेलं दिसलं तर उलट शंका घ्या. अर्धा तास चालवून आणा आणि पुन्हा वर चढवा.

चासीचा गंज बघताना पत्र्यावरच्या लाल डागांवर वेळ घालवू नका. सस्पेन्शन जिथे बोल्टने जोडलंय त्या जागा आणि वेल्डिंगचे जोड स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघा. खणखण वाजलं पाहिजे. भद्द आवाज आला, पापुद्रे सुटले, तर पुढे एक शब्द बोलू नका. पुरात बुडालेली गाडीही इथेच पकडता येते. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढा. बाहेरचा भाग स्वच्छ आणि आत गुंडाळून राहणाऱ्या भागावर मातीची रेघ, हे कुठलाही पॉलिशवाला काढत बसत नाही. सीटच्या रुळांवरचा गंज आणि कनेक्टरमधली हिरवी बुरशी तेच सांगतात.

पायरी ५: स्कॅनर

स्कॅनर म्हणजे गाडीच्या संगणकाने नोंदलेले बिघाडांचे कोड वाचणारं यंत्र. स्टीअरिंगखालच्या सॉकेटला ते लावायला पाच मिनिटं पुरतात. कोड दिसले तर ते नीट समजून घ्या. पी०४२० म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या वाटेवर धूर शुद्ध करणारा भाग) नीट काम करत नाही, पी०४०१ म्हणजे ईजीआरचा (थोडा धूर पुन्हा इंजिनात सोडणाऱ्या व्यवस्थेचा) प्रवाह कमी, पी०२९९ म्हणजे टर्बोचा दाब कमी, पी२४६३ म्हणजे डीपीएफमध्ये काजळी साठलीय. कोड हा निकाल नसतो. पी०२९९ चं कारण तो फाटका रबरी पाइपही असू शकतो.

एकही कोड नाही म्हणून खूश होण्याआधी ‘रेडीनेस’ हे पान उघडायला सांगा. गाडीचा संगणक स्वतःच्या चाचण्या पूर्ण झाल्या की नाही ते तिथे दाखवतो. बऱ्याच चाचण्या ‘पूर्ण नाहीत’ असं दिसलं तर कोणीतरी अलीकडेच कोड पुसलेत किंवा बॅटरी काढलीय. मालक ‘बॅटरी कालच बदलली’ म्हणेल. चालेल, दोनचार दिवस गाडी चालवू द्या आणि पुन्हा बघा.

डिझेल गाडीत स्कॅनरवर दर सिलिंडरच्या इंजेक्टरची दुरुस्ती-मात्रा दिसते, म्हणजे इंजिन समतोल चालावं म्हणून संगणक त्याचं डिझेल किती कमीजास्त करतोय तो आकडा. तिघांचे आकडे शून्याजवळ आणि एकाचा लांब असेल तर बहुधा तो इंजेक्टर थकलाय. चारही बदलायचे झाले तर पाच ते दहा सर्व्हिस, आणि अनेक गाड्यांत नवे इंजेक्टर संगणकात कोड घालून ओळखवून द्यावे लागतात. डीपीएफची काजळी जळते, पण ऑइलमधून येणारी राख जळत नाही, ती साठतच राहते. म्हणून लाख-दीड लाख किलोमीटर झालेल्या गाडीत ‘हायवेवर एक फेरी मारा, साफ होईल’ हा सल्ला नेहमी कामाला येत नाही. उतरवून साफ करणं एक ते तीन सर्व्हिस, नवा टाकणं आठपासून पुढे कितीही.

स्कॅनर लागलेला असतानाच एसी चालू ठेवा, तिसऱ्या रांगेत जाऊन बसा. मागच्या एसीचे पाइप पुष्कळ गाड्यांत खालून जातात, दगड आणि चिखल खातात, गळतात. पुढची कूलिंग कॉइल गळत असेल तर सहसा अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो. पुन्हा तोच प्रश्न, काय काय खोलावं लागतं.

पायरी ६: कागदावर हिशोब

तीन रकाने करा. पहिल्यात आत्ता करायलाच हवं ते: टायमिंग, ब्रेक, टायर, गळती. दुसऱ्यात वर्षभरात येणारं: क्लच, शॉकअप, बूश. तिसऱ्यात येऊ शकेल असं एकच मोठं काम, त्या मॉडेलच्या बदनाम दुखण्याप्रमाणे. पहिला रकाना पूर्ण आणि दुसरा निम्मा भावातून वजा करून मागा. तिसऱ्याएवढे पैसे बाजूला काढता येत नसतील तर एक पायरी छोटी गाडी बघा.

गॅरेजचं एस्टिमेट लेखी घ्या. पार्ट वेगळे, मजुरी वेगळी. पार्ट कंपनीच्या डब्यातला आहे, त्याच पुरवठादाराचा पण त्याच्या स्वतःच्या डब्यातला आहे की भलताच, हे लिहून घ्या. दुसरा प्रकार बऱ्याचदा तोच माल कमी दरात असतो. ब्रेक, टायमिंग आणि स्टीअरिंगमध्ये तिसऱ्या प्रकाराच्या वाटेला जाऊ नका. काढलेले जुने पार्ट दाखवा असं काम सुरू व्हायच्या आधी सांगून ठेवा, नंतर सांगितलं तर ते नेमके भंगारात गेलेले असतात.

गाडी घरी आली की इंजिन, गिअरबॉक्स, दोन्ही डिफरेंशियल, ट्रान्सफर केस, ब्रेक आणि कूलंट हे सगळं नव्याने भरून घ्या आणि त्या दिवसाचे किलोमीटर लिहून ठेवा. कूलंटच्या टाकीवर मार्करने लेव्हलची रेघ ओढा. पहिला महिनाभर दर आठवड्याला, सकाळी, थंड इंजिनवर ती रेघ आणि डिपस्टिक बघत जा.